जोगमाळच्या पोरी थांबत नव्हत्या

विजया खिस्ती मूळची नगरची. एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण तिच्या तोंडी नगरच येतं. वडील नृसिंह खिस्ती शाळेत संस्कृत शिकवायचे. आपली मुलगी मैदानावर खो-खो खेळते, हे त्यांनी सुरुवातीला शेजारीपाजारी कळूच दिलं नव्हतं. मग एकदा पेपरात तिचा फोटो आला, खांबाला धरून सूर मारतानाचा, आणि तेच वडील ते कात्रण खिशात घालून गावभर फिरले. विजया राज्याकडून खेळली, गुडघा गेला, प्रशिक्षणाची पदविका घेतली आणि पुढची सगळी वर्षं नगरच्या मैदानांवर पोरींना शिकवण्यात घालवली.

केंद्राचं प्रशिक्षकांसाठीचं नवं धोरण आलं, तेव्हा तिनं पन्नाशी ओलांडली होती. धोरणातली गोष्ट तिला मनापासून पटली होती. खेळाडू घडवायचे तर आधी त्यांना शिकवणारा घडला पाहिजे, आणि तो वर्गात बसून घडत नाही. त्याच्या मैदानावर जायचं, तो शिकवताना बघायचं, त्याच्याशी बोलायचं, पुन्हा जायचं. मुलांवर हुकूम सोडायचे नाहीत, त्यांना प्रश्न विचारायचे, निर्णय त्यांना घेऊ द्यायचा. या कामासाठी जिल्ह्यात अनुभवी माणसं नेमली गेली. दक्षिणेकडचे तालुके विजयाच्या वाट्याला आले.

"म्हणजे आता तू मास्तरांची मास्तरीण," तिचा नवरा सुहास म्हणाला.

"मास्तरीण नाही रे. नुसतं बघायचं आणि विचारायचं."

"हे तर घरी रोजच चालतं," तो म्हणाला.

नगरला पहिलं शिबिर झालं, तेव्हा शेवटच्या रांगेत कर्जत तालुक्याचा एक तरुण शिक्षक बसला होता, आदिनाथ ढाकणे. दोन दिवस तो काही बोलला नाही. शंका विचारायची वेळ आली तसा उठून उभा राहिला.

"म्याडम, पोरी शिट्टी वाजवली तरी थांबत नसतील, तर काय करायचं?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "नशीबवान आहात. आमच्या पोरी तर पळतच नाहीत."

आदिनाथ हसला नाही. जेवणाच्या सुट्टीत तो विजयाजवळ आला. "तुमी एकदा या जोगमाळला. मला सांगता येत न्हाई. बघितल्याशिवाय कळनार न्हाई."

जोगमाळ हे कर्जतच्या पूर्व टोकाचं गाव. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं आणि घरांना कड्या लागतात. विजया गेली ती भाद्रपदातली कोरडी दुपार होती. आभाळ भरून यायचं आणि तसंच पुढं निघून जायचं. कर्जतहून आदिनाथनं तिला मोटारसायकलवर आणलं. शाळा गावाबाहेर, माळावर. शाळेमागं मैदान. दोन खांब, मध्ये खेळाडूंना बसायला आखलेली पाटी, पलीकडं उघडा माळ आणि कोपऱ्यात एक बाभूळ.

विजया मैदानाच्या कडेला उभी राहिली आणि तिला कसंतरी झालं. कशानं, ते आधी कळेना. मग लक्षात आलं. आवाज नव्हता.

तिनं आयुष्यभर खो-खोची मैदानं पाहिली होती. तिथं कालवा असतो. पोरी ओरडतात, भांडतात, हसतात, एकमेकींना नावं ठेवतात. इथं बारा-पंधरा मुली दोन खांबांच्या मधून आठाच्या आकड्यात पळत होत्या आणि अनवाणी पायांच्या धप-धप आवाजाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. पळत होत्या मात्र अशा, की विजयाचा श्वास अडकला. खांबाला वळसा घेताना एकीचाही तोल जात नव्हता. राज्याच्या संघातसुद्धा तिनं अशी गिरकी पाहिली नव्हती.

आदिनाथनं शिट्टी वाजवली.

मुली पळत राहिल्या.

त्यानं पुन्हा वाजवली, लांब. पाखरं उडाली. मुली पळत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर उद्धटपणा नव्हता, ऐकू न आल्याचा भावही नव्हता. काहीच नव्हतं. फक्त प्रत्येक मुलगी बाभळीच्या बाजूच्या खांबाला वळली की क्षणभर मान फिरवून बाभळीखाली बघायची आणि पुढं जायची. जशी रस्त्यानं जाणारी बाई देवळासमोर मान वळवते, तशी.

बाभळीखाली कुणीच नव्हतं. सगळं मैदान पायांनी तुडवून शेणानं सारवल्यासारखं गुळगुळीत झालं होतं, पण त्या बाभळीखालचा तुकडा तेवढा वेगळा. तिथं कुसळी गवत गुडघाभर वाढलेलं. तिथं कुणाचा पाय पडत नव्हता.

आदिनाथ मैदानात गेला. त्यानं पहिलीला खांद्याला धरून खाली बसवलं, मग दुसरीला. एकेकीला धरून बसवत गेला. बसलेल्या मुली डोळे मिचकावत इकडंतिकडं बघायच्या, जणू आत्ताच उठल्यात. मग त्या एकदम पोरींसारख्या झाल्या. पाण्याच्या हंड्याकडं धावल्या, एकमेकींच्या अंगावर पाणी उडवायला लागल्या. विजयाला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली.

तिनं सगळ्यांत लहान मुलीला जवळ बोलावलं. संस्कृती तिचं नाव. मामाच्या गावाला शिकायला आलेली, मैदानावर येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते.

"पळताना तू तिकडं कुणाकडं बघतेस?"

"सरांकडं."

"सर तर इथं उभे आहेत."

संस्कृतीनं आदिनाथकडं पाहिलं आणि मान हलवली. "हे न्हाई. ते सर."

आदिनाथनं खाली बघितलं. परतीच्या वाटेवर मोटारसायकल थांबवून तो म्हणाला, "काकासाहेब. माझे बी गुरू तेच. तीन वर्षं झाली त्यास्नी जाऊन. ह्या संस्कृतीनं तर त्यांचा फोटोसुदा बघितल्याला न्हाई."

काकासाहेब गर्जे आधी ऊसतोडीला बैलगाडी हाकायचे. स्वतः कधी खेळले नव्हते. गावातल्या पोरी पळताना बघून त्यांना वाटलं, ह्यांचं काहीतरी होईल. त्यांनीच खांब रोवले, त्यांनीच पाटी आखली. बाभळीखाली खुर्ची टाकून बसायचे. बोलायचे नाहीत, शिट्टी वापरायचे नाहीत. बैलांना जसं जिभेनं 'टॉक' करून वळवतात, तसा एक आवाज काढायचे. एक 'टॉक' म्हणजे पळा, लागोपाठ दोन म्हणजे वळा, आणि एक लांब ओढलेला म्हणजे थांबा. त्यांच्या पोरी राज्याला गेल्या, कितीतरी पोलिसात लागल्या. सगळं गाव त्यांना देव मानायचं, आणि आदिनाथही.

पुढच्या खेपेला विजया काकासाहेबांच्या बायकोला भेटायला गेली. भागूबाई ओसरीवर बाजरी पाखडत बसल्या होत्या. सूप खाली न ठेवताच त्यांनी सांगितलं.

"बाई, मी रोजच्यावानी चहा घिऊन गेले. उनं कलली हुती. त्ये खुर्चीत बसल्यालं, पोरी पळत हुत्या. मला काय बी येगळं वाटलं न्हाई. कप हातात दिला, त्यो तसाच खाली गेला. तवा मी तोंडाकडं बघितलं." त्यांनी सूप थांबवलं. "डोळं उगडं हुतं. अंग गार पडल्यालं. कवाचं पडलं हुतं, देवाला ठावं. आन् पोरी पळतच हुत्या."

"तुम्ही थांबवलं नाही?"

"वरडले की! पर त्यास्नी माझं ऐकायची सवय कुटं हुती? थांबायचा आवाज आलाच न्हाई ना, मंग थांबत्याल कशा? पंकजा सगळ्यांत म्होरं. ती तोंडावर पडली, तवा बाकीच्या तिच्या अंगावरनं उड्या टाकून पळाल्या. गावातली मानसं आली, एकेकीला धरून खाली बसवलं. बसवल्यावर बी पाय हालतच हुतं त्यांचं. वासरू झोपंत पाय झाडतंय, तसं."

बाजरी पुन्हा सुपात उडायला लागली. "गावात कुनी बोलत न्हाई त्याचं. वंगाळ दिसतंय ना, एवड्या मोठ्या मानसाचं."

विजयानं आदिनाथला हाताशी धरलं. शिकवण्याची सगळी रीतच बदलून पाहायचं दोघांनी ठरवलं. आदिनाथ होतकरू होता. त्यानं शिट्टी सोडून टाळी धरली, मग हलगी आणली. खेळाची वेळ सकाळची केली. मुलींना गोल बसवून तो विचारायचा, "आत्ता तू डावीकडं का गेलीस? तुला काय दिसलं?" पोरी मान वर करायच्या, सगळ्या मिळून बाभळीकडं बघायच्या, थोडं थांबायच्या आणि मग उत्तर द्यायच्या. उत्तर दर वेळी बरोबर असायचं. आदिनाथला ते सहन होईना.

"म्याडम, मी प्रश्न विचारतोय, आन् उत्तर दुसरंच कुनी देतंय," तो म्हणाला.

तालुक्याच्या सामन्यात पंचांनी शेवटची शिट्टी दिली तरी जोगमाळच्या पोरी पळत राहिल्या. आधी लोक हसले, कुणी शिट्ट्या मारल्या. मग हळूहळू सगळं मैदान गप्प झालं. एका बाईनं आपल्या लेकराचे डोळे झाकले. त्या मैदानावर बाभूळ नव्हती, खुर्ची नव्हती, पण पोरी मान वळवत होत्या ती बरोबर त्याच बाजूला.

त्यानंतर विजयानं मनाशी ठरवलं. ती असल्या गोष्टी मानणाऱ्यांतली नव्हती. रिकाम्या जागेचीच भीती असेल तर ती जागा भरावी, एवढा साधा विचार. जोगमाळला गेल्यावर तिनं शाळेतून एक खुर्ची मागून घेतली आणि गवत तुडवत जाऊन बाभळीखाली ठेवली. आदिनाथ म्हणाला, "म्याडम, नका." ती बसली.

ऊन चांगलं होतं. गवतात किडे किरकिरत होते. मुली पळायला लागल्या. पहिली मुलगी खांबाला वळली आणि तिनं मान फिरवली. विजया तिच्याकडं बघून हसली. मुलीची नजर विजयावर नव्हतीच. तिच्या डोक्याच्या थोडी वर, खांद्याच्या मागं होती. दुसरीचीही तिथंच. तिसरीचीही. सगळ्यांची नजर एकाच उंचीवर. खुर्चीमागं कुणी उभं राहिलं तर त्याचं तोंड जिथं येईल, तिथं.

मागं वळून बघायचं नाही, असं विजयानं स्वतःला बजावलं. किड्यांची किरकिर बंद पडली. आणि तिच्या उजव्या कानाजवळ, अगदी जवळ, कुणीतरी जिभेनं 'टॉक' केलं.

पुढचं तिला आठवतं ते असं की ती खांबाला हात लावून वळसा घेत होती. साडीचा पदर सुटलेला, चप्पल कुठं गेली ठाऊक नाही, गेलेला गुडघा आतून जळत होता, आणि तिच्या पुढं-मागं पोरी पळत होत्या. खुर्चीतून आपण कधी उठलो, मुलींत कधी शिरलो, काही कळलं नव्हतं. दमही लागत नव्हता. उलट बरं वाटत होतं, इतकं बरं की त्याचीच नंतर तिला धडकी भरली. काही ठरवायचं नव्हतं. काही विचारायचं नव्हतं. आदिनाथनं तिला दोन्ही दंडांना धरून खाली बसवलं, तेव्हा तो रडत होता.

आठवडाभर ती घरी पडून राहिली. सुहासनं गुडघा शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून दिली. तिनं फक्त एवढंच सांगितलं, "मला थांबावंसं वाटत नव्हतं रे."

पडल्या पडल्या तिला पंकजा आठवली. भागूबाई म्हणाल्या होत्या, ती पडली. म्हणजे त्या दिवशी त्या मैदानावर आपली आपण थांबलेली एकटीच. बाकीच्यांना धरून बसवलं होतं. धोरणात जुन्या महिला खेळाडूंना प्रशिक्षक म्हणून तयार करायची सोयही होतीच.

पंकजा बडे गावापासून लांब वस्तीवर राहायची. लग्न झालेलं, पुढच्या महिन्यात नवऱ्याबरोबर कोयता घेऊन निघायची तयारी चाललेली. मैदानाचं नाव काढताच ती उठून आत गेली. थोड्या वेळानं पाणी घेऊन बाहेर आली.

"मला कुनी थांबवलं न्हाई म्याडम. मी पडले म्हनून थांबले. ह्यात फरक हाय का न्हाई?"

"आहे," विजया म्हणाली. "पडल्यावर काय झालं?"

"पडले तवा तोंड त्यांच्याकडं हुतं. जमिनीवरनं बघितलं. तवा दिसलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पळताना आमी रोज बघायचो त्यास्नी. पर खरं कवा बघितलंच न्हवतं. माशी बसल्याली हुती डोळ्यावर."

"हे तू मुलींना सांगितलंस?"

"मला कोन इचारतंय? दवाखान्यातनं आले, तर गाव म्हनलं गप ऱ्हा."

विजयानं तिला ये म्हणून आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी खेळाच्या वेळेला ती आपणहून आली. डोक्यावरचा पदर खोचून सरळ मैदान ओलांडलं, गवतात शिरली आणि बाभळीखाली उभी राहिली. मुली पळत होत्या. माना वळत होत्या. पंकजाचा चेहरा पांढरा पडला. तिचे पाय थरथरताना विजयाला लांबूनही दिसत होते, घोडं बांधून ठेवल्यावर थरथरतं तसे. तिला तो आवाज येत असणार. विजयाला नुसता वाराच ऐकू येत होता, आणि तेवढ्यासाठी तिनं मनातल्या मनात देवाचे आभार मानले.

"पोरींनो," पंकजा म्हणाली. मग ती ओरडलीच. "सर गेले गं! त्या दिवशी आपन पळत हुतो तवाच गेल्ते. आपन उगंच पळत हुतो. कुनी सांगतच न्हवतं आपल्याला पळा म्हनून!"

पाय धप-धप पडत राहिले.

"मी थांबा म्हननार न्हाई," पंकजा म्हणाली. "पळायचं का थांबायचं, तुमचं तुमी बघा."

ती गवतात खाली बसली. आभाळ भरून आलं होतं आणि उजेड पिवळा पडला होता. एक मोठी मुलगी, काकासाहेब गेले त्या दिवशीच्या संघातली, खांबापाशी आली आणि वळायच्या ऐवजी खांबाला मिठी मारून उभी राहिली. मग तिला रडू फुटलं. दुसरी थांबली. तिसरी चालायला लागली. एकेक करत सगळ्या थांबल्या, आणि कुणाच्याही खांद्याला हात लागला नव्हता.

संस्कृती शेवटपर्यंत पळत होती. ज्यांनी काकासाहेबांना पाहिलं होतं त्या थांबल्या आणि जिनं कधीच पाहिलं नव्हतं ती एकटी आठाच्या आकड्यात फिरत राहिली. मग तीही पंकजासमोर येऊन उभी राहिली, धापा टाकत.

"मंग मी कुनाकडं बगत हुते?" तिनं विचारलं.

पंकजानं विजयाकडं पाहिलं, विजयानं आदिनाथकडं. पंकजानं पोरीला ओढून मांडीवर घेतलं.

त्या वर्षी जोगमाळचा संघ जिल्ह्याला पहिल्याच फेरीत हरला. वळसे चुकत होते, हुलकावणी द्यायला उशीर होत होता, आणि सामना चालू असताना दोन पोरी कुणाचं चुकलं यावरून भर मैदानात भांडल्या. गावातली जाणती माणसं आदिनाथवर चिडली. काकासाहेबांनी उभं केलेलं सगळं घालवलं म्हणाली. सामन्यानंतर भागूबाईंनी मात्र मुलींसाठी किटलीभर चहा पाठवला. पंकजानं प्रशिक्षणाचा पहिला टप्पा नगरला येऊन पुरा केला, कडेवर पोर घेऊन, आणि शिबिरात सगळ्यांत जास्त प्रश्न तिनंच विचारले.

दिवाळीनंतर गाव ऊसतोडीला गेलं. संघातल्या निम्म्याहून जास्त मुली आईबापांबरोबर कोपरगावकडं गेल्या आणि पंकजाही गेली. प्रशिक्षकानं खेळाडू असेल तिथं पोचावं, असं धोरणात म्हटलेलं होतंच. लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर उसाचे फड बहुतेक नसावेत. विजया तिथं गेली. तिचा भाग नव्हता तो, रजा काढून गेली.

कारखान्याजवळ तोडकऱ्यांच्या कोपी, पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या. दोन बांबू रोवून, राखेनं पाटी आखून पंकजानं मैदान केलं होतं. तीन बाजूंना माणसाच्या दुप्पट उंच ऊस, पानं एकमेकांवर घासून सारखी सळसळत होती. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस होऊन गेला होता. मुली चिखलात पळत होत्या आणि इतक्या ओरडत होत्या की कोपीतून म्हातारी माणसं बाहेर येऊन शिव्या देत होती.

तेवढ्यात आदिनाथचा फोन आला. तो जोगमाळलाच होता, उरलेल्या चार मुलांच्या शाळेत.

"म्याडम, हितं बी पाऊस झाला. मी सकाळी मैदानावर गेल्तो. माग उठल्याती. अनवानी पायाचं. खांबाला वळसे घालून घालून सगळं मैदान उकरल्यालं हाय."

"मुलं असतील कुणाची तरी."

"एकाच मानसाचं हायेत. मोठ्या पायाचं. रातभर पळाल्यावानी."

विजयानं फोन हातात तसाच धरून पंकजाला सांगितलं. पंकजानं ऐकून घेतलं. उसाच्या भिंतीकडं एकदा पाहिलं, मग नजर पुन्हा पोरींवर आणली.

"पळू द्या त्यास्नी," ती म्हणाली. "त्यास्नी बी कुनी थांबा म्हनलं न्हाई."

पाटीवर बाद कोण यावरून मारामारी जुंपली होती. संस्कृतीनं कुणाची तरी वेणी धरली होती. पंकजा पदर खोचत तिकडं धावली. विजया बैलगाडीच्या जुवावर बसली, दुखरा गुडघा लांब करून. ऊस सळसळत होता. अंधार पडायला लागला तशी कोपीतून एका आईनं हाक मारली, आणि एक पोरगी डाव अर्धा टाकून भाकरी खायला निघून गेली.